मदत हवी आहे: ऑनलाइन दुकानात लोक येतात, बघतात आणि ऑर्डर न देता जातात. थीम बदलू का?

कोरीपाटी, रात्री 11:42
नमस्कार. सरळ मुद्द्यावर येते. तीन महिन्यांपूर्वी स्वतःची वेबसाइट काढून ऑनलाइन विक्री सुरू केली. वर्डप्रेसवर साइट, वूकॉमर्सवर दुकान, सगळं रात्री जागून स्वतः शिकले. फोटो चांगले आहेत, वस्तू बघणाऱ्या प्रत्येकाला आवडते, जाहिरातही चालू आहे. तरी आजवर ऑर्डर दोन, त्यातली एक मैत्रिणीची.
मला वाटतं थीम, म्हणजे साइटचं रूप ठरवणारा तयार साचा, जुनाट दिसते. एक पैसे भरून घ्यायची थीम हेरून ठेवली आहे. प्रश्न एवढाच: आधी थीम घेऊ की जाहिरातीचं बजेट दुप्पट करू? जरा लवकर सांगा, थीमवरची सवलत उद्या रात्री संपतेय.

आकडेमोड, 11:58
काय विकता? किती लोक येतात, कुठून येतात? कार्टमध्ये किती जण टाकतात, चेकआउटपर्यंत किती पोचतात? यातलं काहीच न सांगता "थीम की बजेट" विचारणं म्हणजे डॉक्टरकडे जाऊन "गोळी देता की इंजेक्शन" एवढंच विचारणं.

तिरकस, 12:03
सवलत उद्या संपते ना? मग परवा पुन्हा सुरू होईल. काळजी नसावी.

जुनाखोड, 12:20
भाऊ, बारा वर्षं या धंद्यात आहे म्हणून सांगतो. थीम नको आणि जाहिरातही नको. ईमेल यादी बनवा. सोशल मीडियावरचे फॉलोअर त्या कंपनीच्या मालकीचे, उद्या नियम बदलले की तुम्ही रस्त्यावर. यादी मात्र आपली असते. मी पहिली दोन वर्षं फक्त यादी वाढवली, विकलं काहीच नाही. आजही निम्मा धंदा त्याच यादीवर चालतो. आणि ईमेल पाठवण्याआधी डोमेनचे एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क (मेल खरंच तुमच्याकडूनच आलाय हे पटवणाऱ्या नोंदी) नीट लावून घ्या. 2024 पासून गूगल आणि याहूनी घाऊक मेल पाठवणाऱ्यांना ते सक्तीचं केलंय.

कोरीपाटी, 12:26
भाऊ नाही, ताई. वर "येते" असं लिहिलंय हो! आणि दोन वर्षं काहीच न विकायला माझ्याकडे दोन वर्षं नाहीत. यादी केली तर दोन जणांची होईल, त्यातल्या एकीचा नंबर मला पाठ आहे.
थीमबद्दल कोणीच बोलत नाहीये.

मुळाक्षर, 12:31
जाहिरात बंद केली की ग्राहक बंद. लेख लिहा, गूगलवरून फुकट लोक येतात. गूगलवरून आत्ता किती येतात?

कोरीपाटी, 12:34
शून्य. म्हणूनच तर जाहिरात करतेय.

मुळाक्षर, 12:36
शून्य कसे? तीन महिन्यांत स्वतःच्या दुकानाच्या नावाने तरी चार-दोन यायलाच हवेत. वर्डप्रेसच्या सेटिंगमध्ये "रीडिंग" उघडा. तिथे सर्च इंजिनांना रोखणारी एक चौकट असते. साइट बांधताना लोक तिच्यावर खूण करतात आणि काढायला विसरतात.

कोरीपाटी, 12:41
अरे देवा. आहे खूण.

मुळाक्षर, 12:42
सुटला प्रश्न. ती काढा, सर्च कन्सोलमध्ये (साइटमालकांसाठीचं गूगलचं साधन) साइटमॅप, म्हणजे साइटच्या पानांची यादी द्या आणि लेख लिहायला बसा. धाग्याचं काम झालं.

बोलीदार, 12:55
काही झालेलं नाही. गूगलला चार-सहा महिने लागतील, तोवर ताईंनी काय करायचं, आरती ओवाळायची? जाहिरातीतून लोक आणता येतात, फक्त चालवता यायला हवी. कॅम्पेनचं उद्दिष्ट काय निवडलंय, ट्रॅफिक की सेल्स?

कोरीपाटी, 12:58
ट्रॅफिक. तेच स्वस्त पडतं.

बोलीदार, 1:02
सापडलं! तुम्ही मेटाकडे (फेसबुक-इन्स्टाग्रामवाली कंपनी) क्लिक मागितले, त्याने क्लिक करणारे आणून दिले. दिवसभर दिसेल त्यावर टिचकी मारणारी माणसं वेगळी, कार्ड काढणारी वेगळी. उद्दिष्ट सेल्स करा, पिक्सेल (कोणी खरेदी केली हे मेटाला कळवणारा कोड) साइटवर बसवा, चार दिवसांत फरक दिसेल.

आकडेमोड, 1:10
चार दिवसांत दिसणार नाही. सेल्स निवडलं तरी त्या यंत्रणेला नीट शिकायला एका अ‍ॅड सेटमागे (जाहिरातींच्या एका गटामागे) आठवड्याला साधारण 50 खरेद्या लागतात. यांच्या खरेद्या तीन महिन्यांत 2, त्यातली एक मैत्रीण. उद्दिष्ट बदलायला हवं हे मान्य, पण तेवढ्याने जादू होणार नाही.
ताई, मी चार प्रश्न विचारले होते. एकाचंही उत्तर आलेलं नाही.

यशोमार्ग, सकाळी 7:15
सुप्रभात मित्रांनो! शून्यातून ऑनलाइन साम्राज्य उभं करण्याचे सात टप्पे मी माझ्या कोर्समध्ये शिकवतो. इच्छुकांनी विपु (विचारपूस) करावी.

तिरकस, 7:19
साम्राज्य उभं राहिलं असेल तर सकाळी सव्वासातला इथे कसे?

कोरीपाटी, 8:40
आकडे देते. माझ्या स्वतःच्या भेटी वजा करून तीन महिन्यांत 640 जण आले. कार्टमध्ये 48 जणांनी टाकलं. चेकआउटपर्यंत 21 आले. ऑर्डर 2. लॅम्पशेड विकते, घड्यांच्या कागदाचे, हाताने केलेले. ते मुद्दाम सांगितलं नव्हतं, कारण प्रश्न वस्तूचा नाहीच आहे.

आकडेमोड, 8:52
आता बोलता येईल. 640 पैकी 48 म्हणजे 7.5 टक्के. नवख्या दुकानाला, तेही टिचक्या मारणारं ट्रॅफिक असताना, हे मुळीच वाईट नाही. थीम कुरूप असती, फोटो वाईट असते, तर लोक कार्टपर्यंत आलेच नसते. गळती त्याच्या पुढे आहे. चेकआउटवर 21 आले आणि 19 पळाले. कार्ट अर्धवट सोडणं सगळीकडेच होतं. ऑनलाइन खरेदीचा अभ्यास करणाऱ्या बेमार्ड इन्स्टिट्यूटने बऱ्याच अभ्यासांची सरासरी काढलीय, ती 70 टक्क्यांच्या आसपास आहे. तुमच्याकडे 48 मधले 46 गेले, म्हणजे जवळजवळ 96 टक्के. त्या पानावर लोकांना असं काय दिसतं?

कलमबहाद्दर, 9:05
दुकानाचं नाव ट्रेडमार्क केलंय का? आधी ते करा. नाव चोरीला गेल्यावर रडून उपयोग नसतो. आणि एकल मालकी असेल तर धंद्याचं कर्ज थेट तुमच्या अंगावर येतं, हेही लक्षात ठेवा.

तिरकस, 9:08
दोन ऑर्डरचं नाव कोण चोरतंय साहेब.

बोलीदार, 9:20
पेमेंट गेटवे (कार्डाचे पैसे घेणारी सेवा) टेस्ट मोडवर, म्हणजे चाचणीवरच राहिला नाही ना? आमच्या एका ग्राहकाचा राहिला होता. खरी कार्डं नाकारली जायची आणि 4242 4242 असे चाचणी कार्डाचे सोळा आकडे लिहिले की ऑर्डर पास. आठवडाभर कोणाच्या लक्षात आलं नाही.

कोरीपाटी, 9:31
नाही, दुसरी ऑर्डर अनोळखी माणसाची होती आणि पैसे खात्यात आले. मी स्वतःही दोनदा ऑर्डर देऊन पाहिली. सगळं सुरळीत होतं.

रात्रपाळी, 9:33
धाग्यात घुसतोय, माफ करा. मलाही ऑनलाइन कमाई सुरू करायची आहे. यूट्यूबवर जाहिरातीचे पैसे कधीपासून मिळतात?

मुळाक्षर, 9:40
1000 सबस्क्रायबर आणि मागच्या 12 महिन्यांत 4000 तास पाहिलं गेलेलं असायला हवं. वेगळा धागा काढा ना.

पार्सलगाडी, 11:15
सहसा वाचनमात्र असतो, पण लॅम्पशेड म्हटल्यावर राहवलं नाही. पार्सल पाठवण्याच्या कामात पंधरा वर्षं गेली. ताई, खोका केवढा आहे? आणि शिपिंग कसं आकारता, ठरावीक की कुरिअरचा चालू दर आपोआप येतो?

कोरीपाटी, 11:24
वजनाचा प्रश्न नाहीये, शेड फार हलका आहे, जेमतेम 600 ग्रॅम. खोका 36 × 36 × 30 सेंमी. दर वूकॉमर्सला जोडलेलं प्लगइन कुरिअरकडून आपोआप आणतं.

पार्सलगाडी, 11:38
600 ग्रॅम तुमच्यासाठी. कुरिअर हवेचेही पैसे घेतो. लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये घ्या, गुणाकार करा आणि 5000 ने भागा. बहुतेक एक्सप्रेस सेवांचा हाच हिशोब. एअर कार्गोत भाजक 6000 असतो, तुम्हाला तो लागू नाही. 36 × 36 × 30 म्हणजे 38,880. भागिले 5000, साधारण 7.8 किलो. खरं वजन आणि हे आकारमानाचं वजन, यात जे जास्त त्याचं बिल लागतं. तुमच्या प्रत्येक ग्राहकाला आठेक किलोचं भाडं दिसतंय.

आकडेमोड, 11:41
हेच. बेमार्डच्या यादीतही कार्ट सोडण्याच्या कारणांत पहिला नंबर शेवटी कळणाऱ्या जादा खर्चाचाच आहे. ताई, तुम्ही दोनदा ऑर्डर देऊन पाहिलीत, तेव्हा पत्ता कोणता टाकला होता?

कोरीपाटी, 11:44
माझाच.

कोरीपाटी, 12:10
आत्ता लांबच्या पाच पत्त्यांवर टाकून पाहिलं. शिपिंग शेडच्या किमतीच्या 70 ते 85 टक्के येतंय. माझ्या पत्त्यावर अगदी कमी येतं, कारण सगळ्यात जवळचा झोन. आणि तो अनोळखी ग्राहक माझ्याच गावातला निघाला. मैत्रीण तर घरी येऊनच घेऊन गेली होती. तीन महिने. तीन महिने मी स्वतःच्या दारात उभी राहून बघत होते की रस्ता मोकळा आहे.

जुनाखोड, 12:30
सोपं आहे. शिपिंग किमतीत मिसळा आणि "मोफत पोचवणी" लिहा. मी कायम तेच करतो.

पार्सलगाडी, 12:37
तुम्ही काय विकता?

जुनाखोड, 12:39
ई-पुस्तकं. आधी सीडी विकायचो.

तिरकस, 12:40
ई-पुस्तकाची मोफत पोचवणी! बारा वर्षांचा अनुभव.

बोलीदार, 12:48
जुनाखोड अगदीच चूक नाहीत. थोडा भाग किमतीत टाकावाच. पण किंमत पाऊणपट चढवली तर जाहिरातीतून आलेला माणूस पहिल्या पानावरूनच परत जाईल. गळतीची जागा बदलेल, एवढंच.

पार्सलगाडी, 1:05
आधी खोका लहान करा, किमतीचं नंतर बघू. घड्यांचा शेड आहे ना? मग तो मिटत असेल. मिटवून पाठवा, ग्राहक उघडून दोरी ओढेल. आयकियाने 1956 मध्ये एका टेबलाचे पाय सोडवून ते सपाट खोक्यातून विकायला सुरुवात केली, ती याच हवेच्या भाड्यापायी.

कोरीपाटी, 1:15
मिटतो. पण ग्राहकाने स्वतः जोडायचं? तो हाताने केलेल्या वस्तूचे पैसे देतोय, कोड्याचे नाही. शिवाय आत 30 सेंमी व्यासाचं तारेचं कडं आहे, ते काही मिटत नाही.

पार्सलगाडी, 1:22
कडं सपाटच असतं की. ते तळाशी आडवं ठेवा, त्यावर मिटलेला शेड. 32 × 32 × 6 च्या खोक्यात बसेल का? 6144 भागिले 5000, म्हणजे सव्वा किलोच्या आत. 7.8 च्या जागी 1.23. आणि दोन मिनिटांची जोडणी लोकांना खटकत नाही, फक्त ती वस्तूच्या पानावर आधीच सांगितलेली हवी. खोका उघडल्यावर कळलं तर मात्र परत येतं.

आकडेमोड, 1:30
आणि शिपिंगचा अंदाज वस्तूच्या पानावरच दाखवा, चेकआउटवर नाही. त्या 21 मधल्या ज्यांनी ईमेल टाकून सोडून दिलं, त्यांच्या अर्धवट ऑर्डरी दिसत असतील तर विचारा, नवीन दरात हवा आहे का. एकदाच विचारा, मागे लागू नका.

जुनाखोड, 1:34
म्हणजे शेवटी ईमेल यादीच.

रात्रपाळी, 1:50
यूट्यूबच्या त्या 4000 तासांत शॉर्ट्स (छोटे उभे व्हिडिओ) धरतात का?

कोरीपाटी, रात्री 10:48
उशिरा लिहितेय, दिवसभर कात्री आणि पुठ्ठा. 32 × 32 × 6 मध्ये बसतो, पण झाकण थोडं फुगतं, म्हणून 7 उंची धरली. 7168 भागिले 5000, साधारण 1.43 किलो. प्लगइनमध्ये मापं बदलली. त्याच पाच पत्त्यांवर शिपिंग किमतीच्या 14 ते 19 टक्के येतंय. गूगलची ती खूण काढली, जाहिरात तूर्त थांबवली. अर्धवट ऑर्डरींत सात ईमेल सापडले, सातही जणांना लिहिलं. एकीचं उत्तर आलंय, तिला दोन हवेत.
थीमचं पान सहज उघडून पाहिलं. सवलत संपायला 23 तास 41 मिनिटं आहेत.
पार्सलगाडी, एक शेवटचं: मिटलेला शेड आठवडाभर दाबून राहिला तर घड्या मोडतील का?

पार्सलगाडी, 11:02
मला विचारू नका, पार्सल करून बघा. एक खोका भरा, वर जाड पुस्तकं ठेवा, आठ दिवसांनी उघडा. दुसरा खोका कमरेच्या उंचीवरून सहा बाजूंनी सहा वेळा पाडा. त्या बाईंचे दोन शेड पाठवायच्या आधी.