विषय: शपथविधीला मंडळाच्या वतीने कोणी जावे का?

प्रेषक: कार्यवाह
दिनांक: ६ जानेवारी २००९

सर्व सभासदांस,
स.न.वि.वि.

मंगळवार, २० जानेवारी रोजी वॉशिंग्टनमध्ये बराक ओबामा यांचा शपथविधी होत आहे. या समारंभाची तिकिटे विकली जात नाहीत. संसद सदस्यांच्या कार्यालयांमार्फत ती मोफत वाटली जातात, आणि सुमारे २,४०,००० तिकिटांना मागणी त्याच्या कितीतरी पट आहे. अशा परिस्थितीत आपल्या भागातील एका लोकप्रतिनिधींच्या कार्यालयाने मंडळासाठी एक तिकीट देऊ केले आहे. मंडळाच्या वाचनालयाचे काम पाहणाऱ्या ताई जाण्यास तयार आहेत. त्यांना मंडळाचा प्रतिनिधी म्हणून पाठवावे आणि प्रवासखर्चाला मंडळाने हातभार लावावा, असा प्रस्ताव कार्यकारिणीपुढे आहे. कोणाची हरकत किंवा सूचना असल्यास ती रविवारपर्यंत कळवावी.

आपला,
कार्यवाह

प्रेषक: एक माजी विश्वस्त
दिनांक: ७ जानेवारी २००९

कार्यवाह महोदय,

ताईंनी अवश्य जावे. मंडळाच्या नावाने, मंडळाच्या पैशाने आणि मंडळाला मिळालेल्या तिकिटावर मात्र जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपले मंडळ ५०१(सी)(३) कलमाखाली करमाफी मिळालेली संस्था आहे. अशा संस्थेने कोणत्याही उमेदवाराच्या बाजूने किंवा विरुद्ध प्रचारात उतरू नये, हे बंधन १९५४ पासून कायद्यात आहे. निवडणूक ४ नोव्हेंबरलाच आटोपली असल्याने शपथविधीला जाणे हा प्रचार होत नाही, हे मला मान्य आहे. परंतु कायद्यात बसते ते सगळेच शोभते असे नाही. आपल्या सभासदांपैकी कित्येकांनी ओबामांचे प्रतिस्पर्धी सिनेटर मॅकेन यांना मत दिले, आणि त्यांची वर्गणीही त्याच खात्यात जमा आहे. शिवाय प्रतिनिधिगृहाच्या सदस्यांना दर दोन वर्षांनी मतदारांच्या दारात यावे लागते. आज त्यांच्या कार्यालयाने दिलेले तिकीट आपण घेतले, तर पुढच्या निवडणुकीच्या वर्षी गणेशोत्सवात दोन शब्द बोलण्याची त्यांची विनंती आपण कोणत्या तोंडाने नाकारणार? मागे एकदा पाहुण्यांचे दोन शब्द इतके लांबले की आरतीला मुले पेंगत उभी होती, हे कोणी विसरले असेल असे मला वाटत नाही.

आणखी एक प्रश्न उरतो. या देशाच्या राष्ट्राध्यक्षाच्या शपथविधीशी मराठी मंडळाचा मंडळ म्हणून संबंध काय? नागरिक म्हणून आपला प्रत्येकाचा आहेच. पण मंडळ भाषेसाठी स्थापन झाले आहे.

आपला,
एक माजी विश्वस्त

प्रेषक: वाचनालय
दिनांक: ८ जानेवारी २००९

आदरणीय काका,
सा. न.

तिकिटाबद्दल आणि पैशाबद्दल आपले म्हणणे मला पूर्णपणे पटले. ते तिकीट आभारपूर्वक परत करावे, अशी कार्यवाहांना माझी विनंती आहे. या वेळी नॅशनल मॉल, म्हणजे कॅपिटॉल या संसद भवनासमोरचे लांबलचक मैदान, संपूर्ण लांबीभर सर्वांना खुला ठेवणार आहेत, तेव्हा मी तिकिटाशिवाय आणि स्वखर्चाने जाईन.

आपल्या शेवटच्या प्रश्नावर मात्र मला असहमती नोंदवावी लागते. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली, तेव्हा ती त्यांनी गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केली. गुलामगिरी रद्द करणाऱ्या घटनादुरुस्तीला तेव्हा जेमतेम आठ वर्षे झाली होती. पुण्यात बसून एका माणसाने मराठीत, आपल्याकडच्या शूद्रातिशूद्रांच्या स्थितीविषयी लिहिताना, या देशाचे उदाहरण समोर धरले होते. पुढे १९१३ साली डॉ. आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात आले, आणि १९४६ साली त्यांनी कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून, अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली. ड्यू बॉइस यांनी त्या पत्राला उत्तरही दिले. हा व्यवहार आपण इथे येण्याच्या कितीतरी आधीचा आहे.

आणि आपण इथे आलो तरी कसे? १९२३ च्या थिंड खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने भारतीयांना नागरिकत्वास अपात्र ठरवले. १९४६ च्या कायद्याने ते दार किलकिले केले, पण वर्षाला जेमतेम १०० भारतीयांपुरते. राष्ट्रीयत्वानुसार कोटा ठरवण्याची पद्धत मोडली ती १९६५ च्या कायद्याने, आणि नागरी हक्कांच्या चळवळीने वातावरण बदलले नसते तर तो कायदा त्या वर्षी संमत होणे कठीण होते. ज्यांनी त्यासाठी लाठ्या खाल्ल्या, त्यांच्यातल्या कोणाला आपली नावेही ठाऊक नव्हती. त्यांच्या आनंदाच्या दिवशी आपल्यापैकी कोणीतरी तिथे उभे असावे, एवढेच माझे म्हणणे आहे. ओबामांच्या धोरणांना मंडळाचा पाठिंबा आहे असे मी कोणालाही सांगणार नाही.

आपली,
वाचनालयाची ताई

प्रेषक: वाचनालय
दिनांक: २४ जानेवारी २००९
विषय: वॉशिंग्टनचा वृत्तान्त

सर्वांस नमस्कार.

आमच्या गावातील एका चर्चने बस केली होती आणि तिच्यात एक जागा पैसे भरून मला मिळाली. (चर्चही करमाफीचीच संस्था असल्याने, बसमध्ये कोणत्याही पक्षाचा फलक आणू नये, अशी सूचना त्यांनी आधीच दिली होती. काकांना हे आवडेल.) आरएफके स्टेडियमच्या वाहनतळावर बस थांबली तेव्हा अंधार होता. तेथून कॅपिटॉलला मोठा वळसा घालून आम्ही पायी मॉलवर पोहोचलो. त्या दिवशी मेट्रोने ११ लाखांहून अधिक प्रवासी-फेऱ्यांची नोंद केली, आणि मॉलवर १८ लाख लोक जमल्याचा अंदाज वर्तवला गेला. तिकीट नव्हते याचे शेवटी वाईट वाटले नाही, कारण जांभळ्या तिकिटांचे (विभागानुसार तिकिटांचे रंग वेगळे होते) हजारो लोक थर्ड स्ट्रीटच्या बोगद्यात तासन्‌तास अडकून पडले आणि त्यांच्यातल्या अनेकांना समारंभ दिसलाच नाही.

भर दुपारीही तापमान शून्याखाली दोन अंश होते. थंडी वरून कमी आणि जमिनीतून जास्त चढत होती. जाणत्या लोकांनी पुठ्ठ्याचे तुकडे आणले होते आणि त्यांवर ते पाय ठेवून उभे होते. आमच्या बसमधील एका आजींनी आपल्या पुठ्ठ्याचा अर्धा भाग मला दिला. मी कोणाकडून आले, असे त्यांनी विचारले, कारण तिथे बहुतेक जण कोणाकडून तरीच आलेले होते. मी मंडळाविषयी सांगितले, तेव्हा त्यांनी लगेच विचारले, “मग तुमची यादी कुठे आहे?” त्यांच्या पर्समध्ये चर्चच्या पत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर येऊ न शकलेल्यांची नावे लिहिलेली होती. काही नावांपुढे लहानसा क्रूस काढला होता. ती माणसे आता हयात नव्हती. माझ्याकडे अर्थातच यादी नव्हती.

मावळते अध्यक्ष, मॅकेन यांच्याच पक्षाचे बुश, यांचे नाव पुकारले गेले, तेव्हा गर्दीच्या काही भागांतून हुर्यो उठली. ज्यांनी मॅकेन यांना मत दिले त्यांना हे कळावे म्हणून नोंदवते, आणि मला स्वतःला ते मुळीच रुचले नाही. आजींनीही मान हलवून नापसंती दाखवली.

ध्वनिवर्धक अंतराअंतरावर असल्यामुळे प्रत्येक वाक्य आम्हाला दोनदा ऐकू येत होते, आधी जवळून आणि लगेच दुरून. कॅपिटॉल डोळ्यांना दिसत होते, पण माणसे पाहायची ती मोठ्या पडद्यावरच. उपराष्ट्राध्यक्ष बायडन यांना न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांनी शपथ दिली. त्यानंतर इत्झाक पर्लमन, यो-यो मा आणि त्यांचे दोन साथीदार वाजवत होते, त्या वेळी घड्याळात बारा वाजून गेले. (थंडीत वाद्यांचे सूर टिकत नाहीत म्हणून आम्ही ऐकले ते आधी ध्वनिमुद्रित केलेले होते, हे नंतर वर्तमानपत्रांतून कळले.) आजींनी तेवढ्या वेळात यादी बाहेर काढली आणि हातमोजा उतरवून, एकेका नावाखाली बोट ठेवत, ती हलक्या आवाजात वाचून काढली. शपथ सुरू झाली तेव्हा कागद घडी होऊन परत पर्समध्ये गेला होता.

शपथ ओबामांनी लिंकन यांच्या बायबलवर हात ठेवून घेतली. भाषणात त्यांनी देशातील ख्रिस्ती, मुस्लिम, ज्यू, हिंदू आणि कोणताही धर्म न मानणाऱ्यांचा एका दमात उल्लेख केला. मात्र टाळ्या थांबल्या आणि माणसे एकमेकांकडे पाहू लागली ती दुसऱ्याच वाक्याला: साठ वर्षांपूर्वी ज्याच्या वडिलांना इथल्या उपाहारगृहात कदाचित कोणी वाढलेही नसते, तो माणूस आज ही शपथ घेत आहे. मॉलच्या दुसऱ्या टोकाला, लिंकन स्मारकापाशी, डॉ. मार्टिन ल्यूथर किंग १९६३ च्या ऑगस्टमध्ये बोलले होते. आजी तेव्हाही आल्या होत्या, हे त्यांनी मला परतीच्या बसमध्ये, सहज बोलावे तसे सांगितले.

आपली,
वाचनालयाची ताई

प्रेषक: एक माजी विश्वस्त
दिनांक: २५ जानेवारी २००९

प्रिय ताई,

वृत्तान्त दोनदा वाचला. फुल्यांच्या अर्पणपत्रिकेबाबत तुमचे म्हणणे मी मान्य करतो. मंडळाचा संबंध काय, हा माझा आक्षेप मागे घेतला असे समजावे. पैशाबद्दलचा आणि तिकिटाबद्दलचा आक्षेप कायम आहे, आणि तो तुम्ही पाळलात याचे समाधान वाटते.

सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांच्याकडून शपथेतील एक शब्द मागेपुढे झाला आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी व्हाइट हाउसमध्ये ती पुन्हा दिली गेली, याचा तुमच्या वृत्तान्तात उल्लेख नाही. मधल्या काळात देशाला अध्यक्ष होता की नव्हता, असे घरी नातवाने विचारले.

आपला,
एक माजी विश्वस्त

प्रेषक: वाचनालय
दिनांक: २५ जानेवारी २००९

काका,

शब्द चुकल्याचे तिथे आमच्यापैकी बहुतेकांच्या लक्षातही आले नाही. ओबामा क्षणभर थांबले एवढे दिसले. नातवाला सांगावे की विसाव्या घटनादुरुस्तीनुसार २० जानेवारीला दुपारी बारा वाजता जुन्या अध्यक्षाची मुदत संपते आणि नव्याची सुरू होते. पद त्या ठोक्याला मिळते. अधिकार वापरण्यापूर्वी शपथ घेणे मात्र घटनेने बंधनकारक केले आहे. म्हणून कोणी न्यायालयात शंका काढू नये यासाठी बुधवारी ती पुन्हा घेतली, आणि त्या वेळी बायबलही नव्हते. माझ्या वृत्तान्तात ही नोंद जोडून सुधारित प्रत पाठवते.

आपली,
वाचनालयाची ताई

प्रेषक: कार्यवाह
दिनांक: २६ जानेवारी २००९

सुधारित प्रत मिळाली. “सभासद स्वखर्चाने व विनातिकीट उपस्थित” या नोंदीसह ती कार्यकारिणीच्या इतिवृत्ताला जोडली आहे. तिळगूळ समारंभात ताई वृत्तान्त वाचून दाखवतील. त्यासाठी पंधरा मिनिटे राखून ठेवली असून त्यांत प्रश्नोत्तरेही येतात, याची काकांनी कृपया नोंद घ्यावी.

कार्यवाह