एनबीए ड्राफ्टमध्ये वरचा एक पिक (निवडीचा नंबर) देऊन खालचे दोन घेणं, यात नक्की फायदा कुणाचा?

पहाटेचा_प्रेक्षक:
मंडळी, एनबीए ड्राफ्ट, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल टीम नंबराप्रमाणे नवी पोरं निवडतात तो कार्यक्रम, आपल्याकडे पहाटे साडेपाचला लागतो, मी दरवर्षी चहा घेऊन डोळे चोळत बसतो आणि दरवर्षी तोच घोळ, पोरगा एका टीमची टोपी घालून हात मिळवतो आणि थोड्या वेळाने कळतं की हा दुसरीकडेच चाललाय. २०१८ ला लुका डॉन्चिचने टोपी घातली अटलांटाची आणि गेला डॅलसला. ते असो, प्रश्न वेगळाय. ज्यांच्याकडे १० वा ११ वा नंबर असतो ते तो देऊन १५-२० च्या आसपासचे दोन का घेतात? मला तर हे एक हापूस देऊन दोन तोतापुरी घेतल्यासारखं वाटतं.

रिबाउंडराव:
डेन्व्हर २०१४ बघ. ११ वा शिकागोला दिला, त्यांनी डग मॅकडर्मट घेतला, कॉलेजात धो धो स्कोर करणारा, म्हणजे तयार माल वाटला, पण पहिलं वर्ष बहुतेक बेंचवरच गेलं. बदल्यात डेन्व्हरला १६ आणि १९, म्हणजे युसुफ नुर्किच आणि गॅरी हॅरिस. हॅरिस स्टार्टर झाला, पुढे २०२१ ला त्याला देऊनच एरन गॉर्डन आणला आणि २०२३ ची चॅम्पियनशिप गॉर्डनला घेऊन जिंकले. पहिले सात-आठ गेले की स्काउट लोकांनाही (खेळाडू हेरणाऱ्यांनाही) छातीठोक सांगता येत नाही, मग लॉटरीच्या एका तिकिटापेक्षा दोन बरी. अर्थात फार हुशार म्हणायला पण जीभ रेटत नाही, कारण पुढे डेन्व्हरचा सगळ्यात मोठा स्टार झालेला योकिच त्याच ड्राफ्टमध्ये डेन्व्हरलाच, पण ४१ वा गेला, नाव आलं तेव्हा टीव्हीवर टाको बेलची जाहिरात चालू होती, म्हणजे १६ आणि १९ ला डेन्व्हरने पण त्याला सोडलाच होता की.

बोर्डावर_आपटलेला:
सोयीचं उदाहरण घेतलंस राव. हीच डेन्व्हर २०१७ ला १३ वर होती, तो नंबर यूटाला देऊन ट्रे लाइल्स आणि २४ वा घेतला. २४ ला टायलर लिडन, जो कोर्टवर जेमतेम दिसला. आणि यूटाने १३ ला कोण घेतला? डॉनोवन मिचेल, पुढे मोठा स्टार!! त्याच रात्री सॅक्रामेंटोने १० वा पोर्टलंडला देऊन १५ आणि २० घेतले, जस्टिन जॅक्सन आणि हॅरी जाइल्स, आणि मधल्या मध्ये १३ ला मिचेल, १४ ला बॅम अडेबायो, तोही पुढे स्टार, निघून गेले. मिनेसोटाचं तर विचारूच नका, २०१३ ला ९ वा देऊन १४ आणि २१ घेतले, १४ ला शबाझ मुहम्मद उचलला आणि लगेच पुढच्या नंबरला मिलवॉकीने यानिस नेला, जो पुढे लीगमधल्या सगळ्यात मोठ्या स्टारपैकी एक झाला. ते दोन नंबर दिसतात सगळ्यांना, मधून कोण गेलं ते नंतर कळतं.

हिशेबनीस:
दोघांचंही पटतंय पण मिनिटं कुणी मोजत नाही. मॅचला पाच जणांची मिळून २४० मिनिटं, टीममध्ये रेग्युलर जागा १५, आणि पहिल्या राउंडच्या पोराचा पगार दोन वर्षं गॅरंटीड. हरणाऱ्या टीमकडे मिनिटं पडून असतात, ती दोन पोरांना खेळवू शकते, जिंकणाऱ्या टीमने दोन कच्ची पोरं आणून बसवायची कुठे? आणि माझ्या मते सगळ्यात भारी बॉस्टनने केलं, २०१७ ला चक्क १ नंबर फिलाडेल्फियाला दिला आणि ३ नंबर प्लस पुढचा एक पिक घेतला. फिलीने मार्केल फुल्ट्झ घेतला, त्याचा खांदा गेला, पहिल्या सीझनला १४ मॅच. बॉस्टनला जेसन टेटमच हवा होता, पुढे त्यांचा मोठा स्टार झालेला, तो ३ ला पण मिळाला. तो पुढचा, एक्स्ट्रा पिक २०१९ ला १४ वा निघाला, रोमियो लँगफर्ड, काही विशेष नाही. म्हणजे तो एक्स्ट्रा पिक नुसते सुट्टे पैसे, खरी कमाई टेटम. आपला माणूस खाली मिळणार ही खात्री असेल तरच सरका.

पहाटेचा_प्रेक्षक:
हे पटलं. पण मग २०१८ ला लुकाला देऊन अटलांटा पण ३ वरून ५ वर आलीच ना, ट्रे यंग प्लस पुढच्या वर्षीचा पिक घेऊन? त्यांना पण आपला माणूस मिळाला म्हणायचं?

बोर्डावर_आपटलेला:
अटलांटावाल्यांसमोर हा विषय काढू नकोस. फेब्रुवारी २०२५ ला डॅलसने लुकाला लेकर्सला देऊन टाकला, तेव्हापासून डॅलसवाल्यांसमोर पण नको 😂