मदत हवी आहे: 'रॉ'चा फॉर्म कुठे मिळतो?

रेवातीर: सोमवारी प्राचार्यांना आराखडा द्यायचाय आणि माझा कागद कोरा आहे. वर्गातल्या १४ मुलांना 'रॉ'त, म्हणजे परदेशातली माहिती काढणाऱ्या भारताच्या गुप्तचर संस्थेत जायचंय. फॉर्म कुठे मिळतो? तयारी काय करून घेऊ? यूट्यूबवर प्रत्येक जण वेगळंच सांगतो. लवकर सांगा.

माळरान: ताई, मुलं कितवीला? शाखा कोणती? वय किती?

सुभेदार_निवृत्त: एनडीएला, म्हणजे सैन्याचे अधिकारी घडवणाऱ्या प्रबोधिनीच्या परीक्षेला बसवा. दहावीनंतर तयारीला मुलांसाठी संभाजीनगरची एसपीआय ही सरकारी संस्था आहे, मुलींसाठी नाशिकला. शिस्त तिथेच लागते.

रेवातीर: काका, मुलं टी.वाय.ला, पदवीच्या तिसऱ्या वर्षाला आहेत! बीए, राज्यशास्त्र. नऊ मुली, पाच मुलगे.

गणितवेडा: 'रॉ'चा फॉर्म निघत नाही, बरेच अधिकारी इतर सेवांतून घेतात. पदवीवर सरळ दार आहे ते आयबीचं, म्हणजे देशांतर्गत गुप्तचर खात्याचं; पद एसीआयओ ग्रेड २, सहायक केंद्रीय गुप्तचर अधिकारी. शाखा कोणतीही, वय १८ ते २७, राखीव वर्गांना सूट. २०२५ला ३७१७ जागा होत्या. पहिल्या पेपरला १०० प्रश्न, ६० मिनिटं, चुकलं की पाव गुण कापतात. पुढे लेखी आणि मुलाखत. मी दोनदा बसलो, दोन्हीदा अंकगणितात अडकलो. रोज घड्याळ लावून एक पेपर सोडवून घ्या. बाकी सगळं नंतर.

माळरान: नुसते पेपर सोडवून कुणी विश्लेषक होत नाही. परकीय भाषा शिकवा. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटला रशियन, जपानी आहे. शिवाय रोज एका शेजारी देशावर पानभर लिहून घ्या, ऐकीव काय आणि खात्रीचं काय ते वेगळं करायला लावा. खरं काम तेच.

गणितवेडा: रशियन येऊन कटऑफ पार होत नाही. आधी आत तर जाऊ द्या!

 

सुभेदार_निवृत्त: निकाल लागेपर्यंत रिकामं बसू नका. आयबीत सिक्युरिटी असिस्टंटला दहावी पास चालतो, स्थानिक भाषा यावी लागते. मराठी मुलांनी हे सोडू नये.

माळरान: ताई, सोमवारचीच घाई का?

रेवातीर: कॉलेजात एक जण येऊन गेला. १२ हजारांत 'गुप्तचर अधिकारी' प्रमाणपत्र, नोकरी पक्की म्हणतो. प्राचार्यांना पटलंय. सोमवारपर्यंत दुसरं काही दिलं नाही तर तोच वर्ग सुरू होईल.

गणितवेडा: हे पहिल्याच ओळीत लिहायला हवं होतं! असल्या प्रमाणपत्राला आयबीच्या निवडीत एकही गुण नाही. भरतीची जाहिरात गृह मंत्रालयाच्या संकेतस्थळावर येते, अर्ज ऑनलाइन. कुणी पैसे भरलेत का?

रेवातीर: सहा जणींनी. दोघींच्या घरी त्यासाठी शेळ्या विकल्या. पावती साध्या कागदावर आहे, शिक्का नाही.

सुभेदार_निवृत्त: पावत्यांचे फोटो आजच काढा. सोमवारची वाट बघू नका, पालकांना घेऊन उद्या सकाळी पोलीस ठाण्यात जा. गाव कोणतं? मी येतो.