खारींनी क्रोकस उकरले. या ऑक्टोबरात काय लावू?

अंगणवेडी (एडिसन, न्यू जर्सी)
गेल्या ऑक्टोबरात घरापुढच्या वाफ्यात पन्नास क्रोकस (थंडी सरताना फुलणारी बुटकी फुलं) आणि वीस ट्यूलिपचे कंद लावले. दोन दिवस कंबर धरली होती. तिसऱ्या दिवशी सकाळी बघते तर वाफाभर खड्डे! क्रोकसची तपकिरी सालं तेवढी उरलेली, लसूण सोलून टाकावा तशी. मार्चमध्ये जेमतेम चार फुलं आली, आणि एक जांभळं क्रोकस चक्क शेजाऱ्यांच्या लॉनमध्ये. खारीनेच पुरून ठेवलं असणार. ट्यूलिप वाचले म्हणेपर्यंत हरणांनी कळ्या खाल्ल्या. लाल तिखट टाकलं होतं, ते पहिल्या पावसात वाहून गेलं. थंडी सरता सरता अंगणात काहीतरी फुललेलं दिसावं, एवढीच हौस.

नर्गिसवाला (प्रिन्स्टन)
ताई, तुम्ही खारींना पंगतच वाढलीत की! डॅफोडिल, म्हणजे आपला नर्गिस, आणि स्नोड्रॉप, ती इवली पांढरी फुलं, लावा. दोन्हींचे कंद विषारी, त्यामुळे खारी आणि हरणं सहसा तोंड लावत नाहीत. माझे स्नोड्रॉप फेब्रुवारीत बर्फातून डोकं काढतात. फक्त ते कंद सुकले की गेले, तेव्हा पार्सल आलं की त्याच आठवड्यात लावा. डॅफोडिल सहा इंच खोल, स्नोड्रॉप तीन. क्रोकस हवेच असतील तर वरून कोंबडीजाळी अंथरा, तिच्यावर माती लोटा. पाती जाळीतून बरोबर वर येतात. आणि लावताना गळलेली सालं उचला, त्या वासावरच खारी येतात.

बाल्कनीकर (कोथरूड)
विषारीवरून आठवलं. या कंदांना फुलायला आधी थंडी लागते, पुण्यात तसली थंडी कुठली, म्हणून मी डॅफोडिलचे कंद फ्रिजमध्ये भाजीच्या कप्प्यात ठेवले होते. सासूबाईंनी कांदा समजून एक पोह्यांसाठी विळीवर घेतला! हाताला बुळबुळीत लागला म्हणून विचारलं, नाहीतर काही खरं नव्हतं. आता डबा वेगळा, वर मार्करने कवटी काढलेली.

अंगणवेडी
बाई गं! आमच्याही फ्रिजला सासूबाई आहेत, बरं झालं सांगितलंत. नर्गिसवाले, फुलं गेल्यावर पाती कापायची का? नवरा लॉनमोअर घेऊन तयारच असतो.

नर्गिसवाला
मुळीच नाही. पाती आपोआप पिवळी पडेपर्यंत, साधारण सहा आठवडे, हात लावू नका. पुढच्या वर्षीच्या फुलाची शिदोरी त्यातूनच कंदात जाते. लॉनमोअर मे संपेपर्यंत लपवून ठेवा.