मदत हवी आहे: सुशीचा भात रात्रीपर्यंत मऊ कसा ठेवायचा?

नमस्कार मंडळी. पुण्यात थाई, चायनीज, जपानी असा मिश्र मेन्यू असलेलं छोटं रेस्टॉरंट आहे. नूडल्स, करी सगळं सुरळीत. अडतंय ते सुशीच्या भातावर.

प्रमाण असं: आखूड दाण्याचा जपानी तांदूळ १ किलो, पाणी स्वच्छ येईपर्यंत धुऊन अर्धा तास निथळत. शिजवायला पाणी १.१ लिटर, मग झाकण न उघडता १५ मिनिटं वाफ. राइस व्हिनेगर १५० मिली, साखर ७५ ग्रॅम, मीठ २० ग्रॅम. भात गरम असतानाच उलथन्याने कापल्यासारखा हलवून घालतो. संध्याकाळी पाचला केलेला भात साडेनऊपर्यंत आतून कडक होतो, वरचा थर कोरडा पडतो आणि माकी (समुद्री शेवाळात गुंडाळलेली सुशी) कापताना रोल फुटतो. फ्रिजचा प्रश्नच नाही. गारव्याने स्टार्च आवळतो आणि दाणा खडूसारखा भुगा होतो.

भात स्टीलच्या परातीत, ओल्या फडक्याखाली असतो आणि वरच एसीचा झोत आहे. दोष झोताचा की परातीचा? इन्सुलेटेड डबा घेतला तर आत तापमान किती ठेवता? साखर १०० ग्रॅमवर नेली तर ओलावा टिकेल, की फक्त गोडच लागेल?

व्हिनेगर कमी करा असं मात्र सांगू नका. व्हिनेगर कमी झालं की आंबटपणा घटतो आणि पीएच चढतो; तो ४.६ च्या वर गेला तर बाहेर ठेवलेला भात धोक्याचा. आणि इंद्रायणीही नको, तिचा वास व्हिनेगरशी भांडतो.

रोज सुशी काढणाऱ्यांनी कृपया प्रमाणासकट लिहा.