कास ते महाबळेश्वर राजमार्ग एमटीबीवर (डोंगरी सायकलवर), एका दिवसात होईल का?

रानवाट_चिंचवड

नमस्कार मंडळी. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही तिघं मित्र साताऱ्याहून यवतेश्वर घाट चढून कास, तिथून जुन्या राजमार्गाने सह्याद्रीनगर, गाळदेव करत महाबळेश्वर आणि परत केळघर घाटाने मेढा, सातारा असा गोल करायचं म्हणतोय. मॅपवर बघितलं तर सगळं मिळून साधारण ११५ किमी भरतंय, त्यातलं मधलं तीसपस्तीस किमी कच्चं. माझी आतापर्यंतची सगळ्यात मोठी राईड म्हणजे पानशेतला जाऊन परत, तीही सगळी डांबरी. सायकल २९ इंची चाकांची हार्डटेल (फक्त पुढे सस्पेन्शन) आहे, टायर २.२ इंची, ट्यूबवालेच. वजन ७८ किलो.

ही वाट गेली तीन वर्षं डोक्यात आहे. सप्टेंबरमध्ये घरच्यांबरोबर फुलं बघायला गेलो होतो तेव्हा राजमार्गावरून कुमुदिनी तळ्यापर्यंत चालत गेलो, पोरं तळ्याशी रमली आणि मी आपला पुढे झाडीत जाणाऱ्या त्या लाल वाटेकडे बघत उभा, तेव्हाच ठरवलं की इथून एकदा सायकल न्यायचीच. तर विचारायचं हे की एका दिवसात जमेल की मुक्काम करावा, पाणी किती न्यावं, आणि जनावरांचं काय? बायको गव्यांचं ऐकून जरा धास्तावलीये.

समर्थमंदिर_सातारा

दादा वाट निवडली एक नंबर, पण ११५ किमीचा आकडा डोक्यातून काढून टाका, कारण राजमार्गावरचा एक किलोमीटर म्हणजे डांबरीवरचे अडीच धरायचे. सातारा साधारण सातशे मीटरवर, कास बाराशेच्या आसपास, म्हणजे समर्थ मंदिरापासून पेडल मारायला लागलात की पहिल्या २५ किमीतच निम्मा जीव जातो, त्यातही यवतेश्वरचा घाट थंड पायांवर येतो. (हिल मॅरेथॉनची पोरं याच घाटात पळतात, त्यांना विचारा.) कास आणि महाबळेश्वरच्या उंचीत फरक बघाल तर दीडशेच मीटर, त्यामुळे नकाशावर सपाट वाटतं, प्रत्यक्षात धारेवरून सारखं खाली उतर वर चढ चालतं आणि सुट्या दगडांवर मागचं चाक जागच्या जागी फिरतं, तिथं सरळ उतरून ढकला, त्यात कमीपणा काही नाही.

मी चार वेळा केलीये, दोनदा एका दिवसात. एका दिवसात केली तेव्हा पहाटे साडेचारला घर सोडलं, कासला उजाडलं आणि अडीचपर्यंत महाबळेश्वरच्या अलीकडे माचूतरच्या डांबरीला लागलो. तिथून महाबळेश्वरच्या बाजारात शिरायचंच नाही, उजवीकडे वळून थेट केळघर घाट धरायचा, आठदहा किमी वाचतात. डिसेंबरात सहाला अंधार पडतो, त्यामुळे माझा नियम एकच, दुपारी बाराला गाळदेव गाठलं नसेल तर त्या दिवशी सातारा नाही, महाबळेश्वरला मुक्काम. हे तिघांनी आदल्या रात्रीच ठरवून टाका, कारण तिथं पोचल्यावर प्रत्येकाला वाटतं अजून जमेल, आणि मग केळघरची वळणं अंधारात आखडलेल्या बोटांनी ब्रेक दाबत उतरावी लागतात.

आणि ती धार सोडून कुठं असं रान बघायला मिळणार हो. डाव्या हाताला खाली कोयनेचं शिवसागर, उजव्या हाताला वेण्णेचं खोरं, मधे आपण. सकाळी दोन्हीकडे धुकं भरलेलं असतं तेव्हा वाटच तेवढी वर तरंगते. एवढं सोडून घड्याळाकडे बघत पळायचं का, म्हणून पहिल्यांदाच येताय तर दोन दिवस काढा हेच सांगेन.

जुना_स्पोक

वरच्यांनी वेळेचं सांगितलं, मी सायकलीचं सांगतो कारण मला त्याच वाटेवर फटका बसलाय. जांभ्याचा दगड आहे तो, कडा सुरीसारख्या, टायरची बाजू चिरतो. ट्यूबवाले टायर असतील तर जमल्यास जायच्या आधी ट्यूबलेस करून घ्या आणि आत सीलंट (भोक बुजवणारं द्रव) ताजं भरा, तुमच्या वजनाला पुढे २२ मागे २५ पीएसआय ठीक. नाहीच जमलं तर ट्यूबमध्ये ३२च्या खाली जाऊ नका, दगडावर आपटून ट्यूब चिमटते. बाजू चिरली तर आतून लावायला जुन्या टायरचा हातभर तुकडा कापून ठेवा, मी बॅगेत कायम ठेवतो.

आता फटका काय ते. सह्याद्रीनगरच्या पुढे कारवीची वाळलेली काठी मागच्या डिरेलरमध्ये (गिअर बदलणाऱ्या यंत्रणेत) शिरली, कडकन आवाज आला आणि डिरेलर चेनला लोंबकळायला लागला. हँगर, म्हणजे डिरेलर फ्रेमला जोडणारा छोटा तुकडा, तुटला होता. माझ्याकडे स्पेअर होता, पण दुकानात मला "कुठलाही बसतो" म्हणून दिलेला, तो माझ्या फ्रेमला लागलाच नाही, भोकंच जुळेनात. मग डिरेलर काढून टाकला, चेन तोडून आखूड केली, मागच्या मधल्या दातेरी चकतीवर बसवून मिसिंग लिंकने (हाताने जोडता येणाऱ्या चेनच्या कडीने) जोडली. अशी चेन जरा सैल राहते, जोर लावला की उडी मारते, त्यामुळे प्रत्येक चढ चालत. एका धनगराच्या घरी थांबलो तर माउलीनं न विचारता तांब्याभर ताक आणि नाचणीची भाकरी पुढं केली, पैसे घेईना, शेवटी पोराच्या हातात चिक्कीचं पाकीट दिलं. तर सांगायचं हे की तुमच्याच फ्रेमचा हँगर घ्या, आणि घरीच एकदा बसवून बघा. चेन टूल, दोन मिसिंग लिंक, दोन ट्यूब, ब्रेक पॅडचा एक जोड, एवढं तिघांत मिळून हवंच. पॅड अर्धे झिजले असतील तर आधीच बदला, केळघर उतरताना कळतं.

कारवी

मी चालत बरेचदा गेलेय, सायकलवर एकदाच, तर जनावरांचं मी सांगते. गवे आहेत, आणि दिसले तर नशीब समजा. ते आपल्या अंगावर धावायला बसलेले नसतात, दचकले की गोंधळतात, आणि सायकल ही आवाज न करता वळणावरून एकदम समोर येणारी वस्तू आहे. म्हणून दाट झाडीत, आंधळ्या वळणांवर जरा बोलत जा. समोर गवा दिसला तर थांबा, सायकल आपल्या आणि त्याच्या मधे धरा, घंटी वाजवू नका, फोटोसाठी पुढे सरकू नका, तो आपणहून जातो. कळपात पिल्लू असेल तर सरळ मागे फिरून अर्धा तास घालवा. मला तर मधमाश्यांची जास्त काळजी वाटते, आग्या मोहोळ असलेल्या झाडाखाली बसून विडी ओढणारे लोक मी स्वतः पाहिलेत. सेंट, वासाचं सनस्क्रीन टाळा, धूर अजिबात नको. वहिनींना सांगा पहाटे आणि संध्याकाळी झाडीच्या बाहेर राहिलात की बरंचसं भागतं.

एक विनंती मात्र कळकळीची आहे. कासच्या सड्यावर (पठारावरच्या उघड्या कातळावर) सायकल घालू नका, एक चाकही नाही, फुलांचा हंगाम संपला असला तरी. डिसेंबरात तो नुसता काळा कातळ आणि वाळकं गवत दिसतो म्हणून लोकांना वाटतं काय होतंय, पण कातळावर जेमतेम बोटभर माती असते आणि पुढच्या वर्षीची बियाणं, कंद सगळं त्यातच झोपलेलं असतं. टायरची एक चरी पडली की पहिल्या पावसात तिथली माती वाहून जाते. २०१२ला पश्चिम घाट जागतिक वारशात आला त्यात कास आहे ते याच बोटभर मातीमुळे. वाटेवर राहा, वाट रुंद करू नका. निघायच्या आधी साताऱ्यात वनविभागाकडे त्या दिवसांत वाट खुली आहे ना ते विचारून घ्या.

रानवाट_चिंचवड

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं नेमकं कोणी सांगेल असं वाटलं नव्हतं. ठरलं, दोन दिवस, महाबळेश्वरला मुक्काम, दुसऱ्या दिवशी आरामात केळघर उतरून मेढ्याला चहा आणि कण्हेर धरणाच्या काठाने सातारा. बाराचा नियमही तिघांनी मान्य केलाय, गाळदेवला बारा वाजून गेले तर रेंगाळायचं नाही, सरळ मुक्काम गाठायचा. कारवीताई, तुमचा मेसेज बायकोला वाचून दाखवला, तिचं म्हणणं पुढच्या वेळी ती पण येणार. हँगर उद्याच बघतो. पाण्याचं तेवढं राहिलं.

समर्थमंदिर_सातारा

माणशी तीन लिटर घेऊन कास सोडा, मधे वस्तीवर मिळतं पण त्यावर भरवसा ठेवून निघू नका. दोन ओआरएस, शेंगदाणा-गुळाचे लाडू, चपातीचे रोल, बास. घशाला कोरड पडते तिकडं, बिस्किटं गिळवत नाहीत. आदल्या रात्री साताऱ्यातच झोपा, चिंचवडहून पहाटे गाडी मारून येऊ नका. आणि तारीख पक्की झाली की इथं टाका, रविवार असला तर यवतेश्वरापर्यंत मी सोबत चढतो.