मदत हवी आहे: स्पॅनिशची प्राध्यापकी, तिशीनंतर?

नमस्कार मंडळी. मी पुण्यात राहते, वय ३२. एमए इंग्रजीत केलंय, स्पॅनिशची डेले ही भाषा-प्रावीण्य परीक्षा बी२ पातळीपर्यंत झाली आहे. चार वर्षं एका कॉलेजात तासिका तत्त्वावर स्पॅनिश शिकवतेय. मागच्या सत्राचं मानधन अजून जमा झालेलं नाही. विचारलं की "फाइल वर गेलीये". असो.

शिकवायला मात्र मनापासून आवडतं. 'मे गुस्ता एल काफे' फळ्यावर लिहिलं की आपली मुलं लगेच म्हणतात, "मॅडम, हे तर 'मला कॉफी आवडते'च!" इंग्रजीतून शिकणारे तिथेच अडखळतात. 'सेर' आणि 'एस्तार' या दोन क्रियापदांना मात्र आपल्याकडे एकच 'असणे', तिथे आमचीही दांडी गुल.

आता कायमच्या नोकरीसाठी प्रयत्न करायचाय. सहायक प्राध्यापकपदासाठी नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेला वयाची अट नाही, पण नेट ज्या विषयात एमए त्याच विषयात द्यायची. म्हणजे माझं इंग्रजीचं एमए इथे कामाचं नाही आणि डेले ही काही पदवी नव्हे. म्हणून स्पॅनिशमध्ये दुसरं एमए करायचं, दिल्लीचं जेएनयू किंवा हैदराबादचं इफ्लू या विद्यापीठांत, असा विचार आहे. घरी पाच वर्षांची मुलगी आहे, म्हणून पाय निघत नाही.

कुणी लग्नानंतर असं दुसरं एमए केलंय का? बी२वर प्रवेश परीक्षा झेपते का? आणि खरं सांगा, महाराष्ट्रात स्पॅनिशच्या कायम जागा निघतात का, की नेट होऊनही तासिकाच? कंपनीत भाषांतराची नोकरी धरा, हा सल्ला सासऱ्यांनी आधीच दिलाय, तो सोडून बोला.